वस्तऱ्याची धार

विळा-कुऱ्हाडीला धार आम्हीही लावतो. दगडावर चार हात मारले की भागतं. धार जरा ओबडधोबड राहिली तरी ज्वारीच्या ताटाला त्याचं काही नाही. गालाला असतं. धारदार वस्तरा वेगळा आणि मऊ चालणारा वस्तरा वेगळा, हे आमच्या गावच्या नाभिक तात्यांचं काम बघितल्यावरच कळायचं.

तात्यांच्या धोकटीत दोन वस्तरे, कातर, नराणी, चिमटा, पितळी वाटी, आरसा आणि फडक्यात गुंडाळलेला निसणा असायचा. निसणा म्हणजे धार लावायचा बारीक पोताचा दगड. झिजून तो मधे खोलगट झाला की पातं नीट टेकत नाही, म्हणून तात्या अधूनमधून तो दुसऱ्या दगडावर घासून सपाट करत. मग त्यावर पाणी टाकायचं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायची. पाठ उचलली की धार जाड होते. धार पुढं ठेवून सरकवायचं आणि टोकाला गेल्यावर पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. सुरुवातीला हाताचा थोडा भार, शेवटी शेवटी नुसतं पात्याचं वजन.

फार घासलं तर धारेला तारेसारखी बारीक कड येते. बोटाला ती लई तीक्ष्ण लागते, नवखा तिथंच खूश होतो आणि गिऱ्हाइकाच्या गालावर ओरखडे उठतात. ती कड घालवायला चामड्याची पट्टी. इथं मात्र उलटं, पाठ पुढं अन् धार मागं, नाहीतर चामडंच कापलं जायचं. शेवटचे आठ-दहा हात तळहातावर. तात्यांचा डावा तळहात त्यानं चामड्यासारखाच गुळगुळीत झाला होता. दाढी तरी ते लगेच कुठं करत? आधी पाणी लावून बोटांनी चोळ चोळ चोळत. केस भिजून मऊ झाला की वस्तऱ्याला जोर लावावा लागत नाही.

याची मजुरी सुगीला खळ्यावर, धान्यात. 1972 च्या दुष्काळात खळीच पडली नाहीत. म्हणून कुणी दाढी वाढवली नाही. तात्या येत राहिले.

हाच वस्तरा एके काळी बायकांच्या डोक्यावरूनही फिरला. नवरा मेला की बाईचं केशवपन, ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत होती आणि काम न्हाव्याचं. 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे सत्यशोधक ते हेच. हातावर पोट असलेल्यांनी चालू मिळकत सोडली, म्हणून मला हा संप फार मोठा वाटतो. शिकल्यासवरल्यांचे वाद तर चालूच होते.

आमच्या गावात मात्र तात्यांचा वस्तरा तेव्हाच्या महारवाड्यात गेला नाही. तिथले लोक एकमेकांची दाढी करत. अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला होता, पण तात्यांचं पोट खळ्यावर होतं आणि खळं ज्यांचं, चाल त्यांची. तिकडं एक दाढी केली असती तर बलुतं बंद. त्या मऊ धारेचं कौतुक ऐकायला बरं वाटतं, पण अर्ध्या गावाला ती कधी लागलीच नाही. तालुक्याच्या बाजारात रोखीची सलूनं निघाली तेव्हा वाड्यातली तरणी पोरं तिथं खुर्चीत जाऊन बसली. आठ आणे टाकले की झालं.

पुढं एड्सची भीती आली आणि दर माणसाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत पडली. तात्यांच्या मुलाचं दुकान आता एस.टी. स्टँडजवळ आहे. ब्लेड मोडतो, पकडीत घालतो, दाढी झाली की टाकतो. कुणाचाही गाल असो, ब्लेड कोरं. निसणा मागच्या फळीवर असतो. कातरीला धार लावायला तो बाजारातला धारवाला बोलावतो.