परदेशी उपकंपनीत पैसा का ओतला जातो?

परदेशातील उपकंपनी तोट्यात गेली, की मातृकंपनी तेथून काढता पाय घेते, असा सर्वसाधारण समज आहे. टाटा समूहाच्या ब्रिटनमधील दोन उपकंपन्यांचा प्रवास पाहता तो फारसा टिकत नाही.

टाटा स्टीलने २००७ मध्ये ब्राझीलच्या सीएसएन कंपनीवर मात करून कोरस ही पोलाद कंपनी सुमारे ६.२ अब्ज पौंडांना विकत घेतली. पुढच्याच वर्षी टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली. लगोलग जागतिक मंदी आली. टाटा मोटर्सला २००८-०९ मध्ये २,५०५ कोटी रुपयांचा एकत्रित तोटा सोसावा लागला. तरीही जॅग्वार लँड रोव्हरमधील नव्या मोटारींचे काम थांबले नाही. २०११ मध्ये 'इव्होक' बाजारात आली, २०१४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे इंजिनांचा कारखाना सुरू झाला. भारतात नसलेले तंत्रज्ञान आणि चढ्या दराने खपणारे नाममुद्रेचे वलय या उपकंपनीकडे होते. चीनमधील मागणीनेही हात दिला.

पोलादाचे तसे नाही. त्याचा दर जागतिक बाजार ठरवतो. चीनचे अतिरिक्त उत्पादन आणि ब्रिटनमधील महाग वीज यांपुढे वेल्समधील पोर्ट टालबोट कारखान्याचे गणित जमेना. अखेर मार्च २०१६ मध्ये ब्रिटनमधील व्यवसाय विकण्याचा विचार टाटा स्टीलने जाहीर केला. स्कन्थॉर्पचा विभाग नाममात्र एका पौंडाला गेलाही. उरलेल्याची विक्री मात्र रखडली.

अडसर होता तो निवृत्तिवेतनाचा. लाखाहून अधिक सदस्यांच्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेचा बोजा घेण्यास कोण ग्राहक धजावणार? योजना वेगळी करण्यासाठी २०१७ मध्ये कंपनीला ५५ कोटी पौंड आणि ब्रिटिश व्यवसायातील ३३ टक्के हिस्सा द्यावा लागला. त्यानंतर जर्मनीच्या थिसेनक्रुपशी भागीदारीचा घाट घातला गेला. तो युरोपीय आयोगाने २०१९ मध्ये मोडीत काढला. थोडक्यात, बाहेर पडणेही स्वस्त नव्हते. ताळेबंदातील नफा-तोट्याइतकाच हा मुद्दा निर्णायक ठरतो, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

कोंडी फुटली ती सरकारी पैशाने. सप्टेंबर २०२३ मध्ये भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीसाठी १.२५ अब्ज पौंडांची योजना ठरली. त्यातील ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे. कारखाना बंद पडून सारे शहर बेकार होण्यापेक्षा हा खर्च सरकारला परवडणारा वाटला असावा. विद्युत भट्टीला मनुष्यबळ मात्र कमी लागते. २,८०० पर्यंत नोकऱ्या कमी होतील, असे कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. एक झोतभट्टी नवी भट्टी होईपर्यंत चालू ठेवावी, ही त्यांची मागणी कंपनीने खर्चाचे कारण देत नाकारली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टालबोटची शेवटची झोतभट्टी विझली. नव्या भट्टीचे बांधकाम जुलै २०२५ मध्ये सुरू झाले.