समुद्रावरचा फोन आणि पलीकडचे कान

आजचा विषय आहे बोटीवरून घरी फोन करणं. काहींना वाटेल, निवृत्त प्राध्यापकांना आता दुसरं काम उरलेलं दिसत नाही. पण या साध्या गोष्टीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसं बुडालेली आहेत. तेव्हा जरा धीर धरा.

निमित्त घरचंच. मुलीने आम्हा दोघांना मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढून दिलं. संध्याकाळी बोट निघाली, किनाऱ्याचे दिवे मागे पडले आणि जेवणाच्या सुमाराला फोनची रेंज गेली. थोड्या वेळाने पडद्यावर एका अनोळखी नेटवर्कचं नाव आलं. आम्हाला वाटलं, चला, सोय झाली! मुलीशी पंधरा मिनिटं बोललो. पुढे बिल आलं, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढ्यात महिन्याचं वाणसामान आलं असतं." दोष आमचाच, आधी विचारलं नव्हतं. पण एक प्रश्न मनात बसला. समुद्रावरची ही सोय मुळात कोणासाठी निर्माण झाली? ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी, की जो संकटात आहे त्याच्यासाठी?

आता इतिहासाकडे वळू. बिनतारी यंत्र येण्यापूर्वी बोट क्षितिजाआड गेली की मुकी होत असे. मुंबईहून विलायतेला निघालेल्या माणसाचं पत्र एडनला किंवा पोर्ट सैदला टपालात पडे. मधले दिवस घरच्यांनी देवावर हवाला ठेवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्कोनीने बिनतारी संदेश पाठवून दाखवले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोठ्या प्रवासी बोटींवर ही यंत्रं बसली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. टायटॅनिकवर जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोन बिनतारी कर्मचारी होते. ते मार्कोनी कंपनीचे नोकर होते, आणि प्रवाशांचे खासगी संदेश पैसे घेऊन पाठवणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग, पुढे प्रत्येक शब्दाला नऊ पेन्स. म्हणजे श्रीमंतांची हौस. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री संदेशांचा ढीग साचलेला होता, कारण त्याआधी यंत्र बिघडलं होतं. फिलिप्स न्यूफाउंडलंडच्या केप रेस केंद्राकडे ते संदेश पाठवत बसला होता. तेवढ्यात जवळच्या कॅलिफोर्नियन बोटीवरून सूचना आली : आम्ही बर्फात अडकून थांबलो आहोत. फिलिप्सने त्याला गप्प केलं, कारण तो कामात होता. कॅलिफोर्नियनवर एकच कर्मचारी होता. त्याने थोड्या वेळाने यंत्र बंद केलं आणि तो झोपायला गेला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. मदतीची हाक गेली तेव्हा सर्वांत जवळचे कान झोपलेले होते.

सुमारे १५०० माणसं गेली. सातशेच्या वर वाचली, ती कार्पेथिया बोटीमुळे. तिचाही कर्मचारी झोपायच्या तयारीत होता, पण कान अजून यंत्राला लावलेले होते, म्हणून हाक ऐकू आली. यात फिलिप्सला खलनायक ठरवू नका. तो शेवटपर्यंत संदेश पाठवत राहिला आणि त्याच रात्री गेला. चूक व्यवस्थेची होती. बोलण्याला दर होता, ऐकण्याला कोणी बांधील नव्हतं. १९१४ च्या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात चोवीस तास ऐकण्याचं बंधन आलं. म्हणजे हौसेतून कर्तव्य निघालं, पण मधे दीड हजार माणसांचं मरण पडलं.

हे सगळं अटलांटिकवरचं, आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. म्हणून आपल्या दाराशी येऊ. १७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली. सणाला घरी निघालेली माणसं, जवळपास आठशे. मुंबईपासून काही मैलांवर वादळात बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. टायटॅनिकनंतर ३५ वर्षं झाली होती, तरी या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी जमेल तितक्यांना वाचवलं, पण मुंबईत बातमी पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. आमची क्रूझ निघाली ती याच बंदरातून.

आणि याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? ८ डिसेंबर १९२९ लाच लेव्हियाथन या अमेरिकी बोटीवरून किनाऱ्यावरच्या घरी टेलिफोन करण्याची सेवा सुरू झाली होती. म्हणजे एका समुद्रावर प्रवासी दिवाणखान्यात गप्पा मारू शकत होते, आणि अठरा वर्षांनी दुसऱ्या समुद्रावर मदतीसाठी हाक मारायचीही सोय नव्हती. शोध लागला म्हणजे तो सर्वांना मिळाला, असं नसतं.

पुढचा टप्पा आमच्या आठवणीतला. शेजारचे एक गृहस्थ जहाजावर इंजिनियर होते. फोन आमच्याकडे होता, म्हणून किनारा केंद्रामार्फत त्यांचा रेडिओफोन आमच्याकडे येई. एकाच वेळी एकानेच बोलायचं, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणावं लागे. वहिनी लाजत लाजत म्हणायच्या, "मुलगा पास झाला, ओव्हर." मधे कोण कोण ऐकतंय कोण जाणे! १९८२ पासून इन्मारसॅटच्या उपग्रहांमुळे हे चित्र बदलत गेलं आणि १ फेब्रुवारी १९९९ ला संकटसंदेशांची नवी जागतिक पद्धत पूर्णपणे लागू झाली.

आज क्रूझवर फोन चालतो तो असा. बोटीतच छोटे मोबाईल टॉवर असतात आणि ते उपग्रहाशी जोडलेले असतात. तो उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचा असेल, तर बोलताना किंचित विलंब जाणवतो. आपला फोन ते नेटवर्क आपोआप पकडतो आणि घरचा प्लॅन तिथे सहसा लागू होत नाही. म्हणून बोट सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका, हवं तर बोटीचं वायफाय घ्या, आणि दर आधी विचारा. आम्ही शिकलो, तुम्ही फुकट शिका.

शेवटी एकच मुद्दा. मराठीत 'पोहोच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे आवाका. दुसरा म्हणजे मिळाल्याची पावती. पत्राची पोहोच आपण त्याच अर्थाने म्हणतो. यंत्रं पहिली पोहोच वाढवतात. दुसरी मात्र माणसालाच द्यावी लागते, कारण त्यासाठी पलीकडे कोणीतरी जागं असावं लागतं. टायटॅनिककडे पहिली होती, दुसरी अपुरी पडली. रामदासकडे पहिलीही नव्हती. तेव्हा पुढच्या वेळी समुद्रावरून कोणाचा फोन आला, तर रेंजचं कौतुक नंतर करू. आधी उचलू आणि नीट ऐकू.

आज इथेच थांबू.