कारळ्याची नावं आणि कारळ्याचं मूळ

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाटाकडच्या उतारांवर जी पिवळीधम्मक शेतं दिसतात, त्यातली बरीच कारळ्याची असतात. चटणीमुळे कारळे आपल्या ओळखीचे. पण हे पीक मुळात कुठलं आणि त्याचा जंगली पूर्वज कोण, हे ठरायला जवळपास दोनशे वर्षं लागली. वनस्पतीला नाव देणं आणि तिची ओळख पटवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या इतिहासात नीट दिसतं.

आधी झाड ओळखू. कारळा सूर्यफुलाच्या कुळातला, एका हंगामात आयुष्य संपवणारा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो. कडेला साधारण आठ पिवळ्या 'पाकळ्या' आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. पानं देठाशिवाय, समोरासमोर. त्याच दिवसांत घाटात फुलणारी सोनकीही पिवळी दिसते, पण तिची पानं एकाआड एक येतात. कारळ्याचं बी काळं, चकचकीत, त्यावर केसांचा झुपका नाही.

आता नावांकडे वळू. मराठीत कारळ्याला खुरासणीही म्हणतात. ते ऐकून पीक इराणकडच्या खुरासानातून आलं असं कुणालाही वाटेल. कन्नडमधल्या 'हुच्चेळ्ळु'चा अर्थ वेडे तीळ. तेलासाठी तीळ आधीपासून माहीत असलेल्या लोकांनी दिलेलं हे नाव आहे.

शास्त्रज्ञांचंही वेगळं नव्हतं. 1782 मध्ये धाकट्या लिनियसने याला 'अ‍ॅबिसिनिका' म्हटलं, म्हणजे इथिओपियाचं. रॉक्सबर्गने भारतात ते शेतात पाहिलं आणि 'सटायव्हा' म्हटलं, म्हणजे लागवडीचं. द कँडोलचं नाव 'ओलिफेरा', म्हणजे तेल देणारं. तिघांसमोर एकच वनस्पती होती. एकाने प्रदेश नोंदवला, दुसऱ्याने शेत, तिसऱ्याने उपयोग. 1829 मध्ये कॅसिनीने तिच्यासाठी गुइझोशिया ही प्रजाती केली. हे नाव फ्रेंच इतिहासकार फ्रान्स्वा गिझो यांच्यावरून आलं. नियमानुसार सर्वांत जुनं जातिनाम टिकलं आणि आज आपण 'गुइझोशिया अ‍ॅबिसिनिका' म्हणतो. पण जुनं नाव टिकलं म्हणून मूळ सिद्ध होत नाही.

भारतात लागवड एवढी मोठी, मग मूळ भारतातलंच का नको? इथे पहिला धागा जंगली नातेवाइकांचा. 1974 मध्ये डॅनिश संशोधक बागोए यांनी या प्रजातीचा आढावा घेतला आणि सहा जाती मान्य केल्या. जंगली जाती आफ्रिकेतल्या, त्यातही इथिओपियाच्या डोंगराळ भागात त्यांची दाटी. भारतात फक्त पीक. त्यामुळे पारडं इथिओपियाकडे झुकलं.

पण पूर्वज कोण? 'शिंपेरी' नावाचं एक वर्षायू तण इथिओपियात कारळ्याच्या शेतातच उगवतं. बागोए यांनी त्याला 'स्काब्रा' या दुसऱ्या जातीची उपजात मानलं होतं. गुणसूत्रं मोजून हा प्रश्न सुटत नव्हता, कारण सगळ्यांतच ती 30 आहेत. मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात हिरेमठ आणि मूर्ती यांनी झाडं वाढवून त्यांचे संकर केले. तर्क सरळ आहे: दोन झाडं जवळची असतील तर संकरित झाडात अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळतात आणि परागकण सुदृढ निघतात. कारळा आणि शिंपेरी ही जोडी सर्वांत जवळची ठरली. 1988 च्या लेखात त्यांनी कारळ्याचा उगम शिंपेरीपासून झाल्याचं मांडलं. म्हणजे नावाने स्काब्राचं असलेलं तण नात्याने कारळ्याचं निघालं.

एक लक्षात घ्या. संकराच्या प्रयोगातून नातं कळतं. पीक भारतात केव्हा आणि कोणत्या वाटेने आलं, हे त्यातून कळत नाही. त्याला पुरातत्त्वातले दाणे लागतात, व्यापाराच्या नोंदी लागतात. एका पुराव्याकडून दुसऱ्याचं उत्तर काढू नका.

याचा फरक शेतापर्यंत पडतो. सुधारित वाणासाठी नवे गुण हवे असतील तर जंगली नातेवाईक कुठे शोधायचे, हे याच उत्तरावर ठरतं. नुसत्या लागवडीच्या क्षेत्रावरून मूळ ठरवलं असतं तर शोध चुकीच्या देशात सुरू झाला असता.

कुणी स्वतः कारळे लावून पाहणार असेल तर एकच झाड जाळीखाली झाकून ठेवू नका, बी जवळजवळ धरणार नाही. कारळ्याला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, आणि ते काम मधमाश्या करतात. प्रयोगाच्या आराखड्यात हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. तसंच कुठलाही जुना नमुना हाती आला की चिठ्ठीवरचं नाव उतरवून घ्या आणि शेजारी एक प्रश्नही लिहा: हे नाव देणाऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं?