रविवारच्या शाळा

ज्या लेकरांस पोटासाठीं आठवडाभर राबावें लागतें, त्यांनीं वाचावयास शिकावें तरी केव्हां? इटलींतील मिलान शहरीं कास्तेलिनो दा कास्तेल्लो ह्या धर्मगुरूंनीं १५३६ सालीं ह्याचें उत्तर दिलें: रविवारीं व सणावारीं. त्या दिवशीं मुलांस धर्मशिक्षणाबरोबर वाचन-लेखनही शिकवीत. शिकविणारे प्रापंचिक स्त्री-पुरुषच. वेतन कांहीं नसे. पुढें आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनीं ह्या कार्यास आश्रय दिला. १५८४ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या धर्मप्रांतांत अशा ७४० शाळा चालू होत्या. ह्यावरून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, इमारत व द्रव्य मागाहून मिळतें. आपला विश्रांतीचा वेळ देणारा शेजारी आधीं लागतो. प्रिय ग्रामस्थहो, आपल्या शेजारचें एकही मूल अक्षरांवांचून राहूं नये.