श्यामादास मुखोपाध्यायांचे चार बिंदु

जरीपटक्याच्या बाजारांत बांगड्या विकत घेतांना धातूची एखादी बांगडी किंचित् दबलेली निघते. तिच्यावरून बोट फिरवून पाहावें. दोन टोकांशीं बाक अधिक, दोन कुशींशीं कमी. म्हणजे बाकाची वाढ थांबून घट, अथवा घट थांबून वाढ सुरू होते अशीं ठिकाणें चार. खळगा न पाडतां ती निराळ्या तऱ्हेनें दाबली, तर हीं ठिकाणें दोनांवर आणतां येतील काय? अंडें पाहून तसें वाटतें खरें. परंतु त्याचा बोथट शेवटही कुशींपेक्षां अधिक वांकलेला असतो!

दोनांवर आणणें अशक्य आहे, हें प्रथम सिद्ध केलें तें कलकत्त्याच्या श्यामादास मुखोपाध्यायांनीं. हुगळी जिल्ह्यांतील हरिपाल येथें १८६६ सालीं त्यांचा जन्म झाला. कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी १९०८ त निघाली, आणि तिच्या बुलेटिनाच्या पहिल्याच खंडांत, १९०९ त, त्यांचा हा लेख आला. वक्राला वर्तुळ किती ठिकाणीं छेदतें, हें मोजण्याची त्यांची रीत शुद्ध भूमितीची होती.

दुसरी एक रीत स्टुर्म व हुरविट्झ यांच्या विचारांतून येते, आणि ती कानांनींही समजण्यासारखी आहे. बांगडीच्या प्रत्येक जागीं नेमकें बसणारें एक वर्तुळ कल्पावें, व दिशा वळेल तशी त्याच्या त्रिज्येंत होणारी वाढघट टिपावी. एका फेरींत त्रिज्या मूळपदावर येते, म्हणून वाढघटीची बेरीज शून्य. शिवाय बांगडीचें टोक टोकाला मिळालेलें असल्यामुळें, त्याच वाढघटीस दिशेच्या ज्येनें किंवा कोज्येनें गुणून केलेली बेरीजही शून्यच. यालाच गणिती लंबता म्हणतात.

आतां समजा, वाढघट दोनच ठिकाणीं चिन्ह बदलते. एक ही संख्या, ज्या आणि कोज्या यांच्या योग्य मिश्रणानें असा गुणक बनवितां येतो, कीं तोही नेमका त्याच दोन ठिकाणीं चिन्ह बदलील. मग गुणाकाराचें चिन्ह सर्वत्र एकच. उणें गुणिलें उणें अधिक, हें शाळेंतलें मूलही जाणतें. अशा राशींची बेरीज शून्य कशी व्हावी? आणि ती तर शून्य असलीच पाहिजे. तेव्हां दोन नव्हेत. बंद फेरींत असे बदल समसंख्यच असतात, म्हणून निदान चार. वर्तुळ अर्थात् वगळावें. तेथें बाक बदलतच नाहीं.

खळगे असलेल्या, पण स्वतःस न छेदणाऱ्या बंद वक्रांसाठीं हाच सिद्धान्त जर्मनींत आडोल्फ क्नेसर यांनीं १९१२ त सिद्ध केला. तथापि पहिलें पाऊल कलकत्त्याचें, व मुखोपाध्यायांचें नांव त्यास न्यायानेंच जोडलें जातें. १९३७ त ते वारले. वर्तुळाच्या जागीं शांकव घेतल्यास असे विशेष बिंदु निदान सहा असतात, हेंही त्यांनीं त्याच लेखांत दाखविलें होतें.