कर भरणाऱ्याचे गाऱ्हाणे : शाळा, दवाखाना आणि दावा

शासकीय सेवेत तक्रारअर्ज वाचणे हा रोजच्या कामाचा भाग असतो. रस्ता, पाणी, वीज यांविषयीच्या अर्जांत त्रागा आढळतो. शाळा आणि दवाखाना यांविषयीच्या अर्जांत त्राग्याच्या जोडीला अपमानाची भावनाही असते, असे मला नेहमी जाणवत आले आहे. 'आम्ही पैसे भरतो, तरी आमचे कोणी ऐकत नाही' हा त्या अर्जांचा मथितार्थ असतो. मग अर्ज मराठीत असो, हिंदीत असो वा अन्य कोणत्या भाषेत. अर्जावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा पडतो आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर प्रवास करू लागतो. त्या प्रवासाला कंटाळलेल्यांपैकी ज्यांना परवडते ते वकील गाठतात. उरलेले गप्प बसतात.

उपचारांचा न परवडणारा खर्च, वर्षानुवर्षे चालणारे दावे आणि शाळांचा स्थानिक कारभार ही तीन गाऱ्हाणी वरवर पाहता निरनिराळी वाटतात. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : जो पैसा देतो त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणाकडे, कोठे आणि किती? आपल्या देशात हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याची उत्तरे शोधण्याचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत.

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा असा स्थानिक उपकर बसवण्यात आला आणि १८६९च्या कायद्याने त्याला वैधानिक आधार मिळाला. 'लोकल फंड' या नावाने तो ओळखला जाई. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उरलेला मुख्यतः रस्ते व तत्सम कामांसाठी राखलेला असे. पैसा शेतकऱ्याचा, परंतु तो कसा खर्चावा हे ठरवणाऱ्या समित्यांवर वर्चस्व सरकारी अधिकाऱ्यांचे, अशी ही व्यवस्था होती. १८ मे १८८२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव केला, तेव्हा हे वर्चस्व कमी करून लोकांच्या प्रतिनिधींना कारभारात वाव द्यावा, हाच त्यामागील उद्देश होता.

त्याच वर्षी शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन मराठी वाचकांना ठाऊक आहे. महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि सरकार तो मूठभरांच्या उच्च शिक्षणावर उधळते, हा त्यांचा आक्षेप होता. स्थानिक उपकराचा निम्मा भाग तरी केवळ प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची मागणी होती. त्या निवेदनातील आणखी एका मुद्द्याची चर्चा मात्र क्वचितच होते. प्राथमिक शाळा सर्वस्वी स्थानिक मंडळांच्या हाती सोपवण्यास फुले यांचा विरोध होता. मंडळांवर पाटील, इनामदार, सरदार अशी मंडळी बसतील आणि त्यांना शिक्षणाच्या निधीवर समजूतदार देखरेख करता येणार नाही, असे त्यांचे मत होते. म्हणजे कर देणाऱ्या रयतेचा कैवार घेणाऱ्या या थोर पुरुषाला, स्थानिक सत्ता म्हणजे रयतेची सत्ता, हे समीकरण मान्य नव्हते.

त्यांची शंका किती रास्त होती, हे पुढील शतकात दिसून आले. या दृष्टीने १९२३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचे नियंत्रण नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डांकडे सोपवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. अंमलबजावणी मात्र पुष्कळ अंशी स्थानिक संस्थांच्याच हाती होती. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि १९२७च्या मार्चमधील सत्याग्रहानंतर त्याच वर्षी तो मागे घेतला. तळे खाजगी असल्याचे सांगत काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला तेव्हा ठरावाला चौदा आणि दाव्याला दहा वर्षे होत आली होती. दाव्याचा विषय पाणी होता. पण त्याच ठरावात शाळा आणि दवाखानेही होते, हे विसरता कामा नये. जवळच्या संस्थेने न्याय नाकारला की सामान्य माणसाला किती लांबचा पल्ला गाठावा लागतो, याचे हे उदाहरण आहे.

शाळांचा अनुभवही फारसा सुखावह ठरला नाही. हार्टोग समितीने १९२९ साली प्राथमिक शिक्षणाचे नियंत्रण स्थानिक संस्थांकडे घाईने सोपवल्याबद्दल टीका केली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४७चा नवा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शासनाची पकड वाढली. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापून प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवल्या. अधिकार खाली द्यावा, गैरकारभाराची ओरड झाली की वर ओढून घ्यावा आणि पुन्हा खाली द्यावा, असा हा लंबक आहे. तो दोन्ही दिशांना फिरला. पालकाच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात लंबकाऐवजी पोकळी दिसते. १९४६च्या भोर समितीने, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांविना राहू नये, हे तत्त्व मांडले. ते कागदावर राहिले आणि प्रश्न न्यायालयांकडे गेला. जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडून डोक्याला जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, कोठे खाट नाही तर कोठे उपकरण नाही, असे सांगून त्याला परत पाठवले. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून तो बरा झाला. त्याच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मे १९९६ मध्ये न्यायालयाने, वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असा निर्वाळा देऊन त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली.

याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर १९९५ मध्ये, त्याच न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली होती. त्या निकालातील एक बारकावा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ज्या रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, तेथील रुग्ण 'ग्राहक' ठरत नाही. त्याने भरलेला कर हा सेवेचा मोबदला मानता येत नाही. कायद्याच्या परिभाषेत हे तर्कशुद्ध आहे. पण १८८२चे निवेदन आठवले की मन अडखळते. रयतेचा आणा हाच शाळेचा मोबदला आहे, या भूमिकेवर फुले उभे होते.

शाळांच्या बाबतीत याची उलटी बाजू पाहावयास मिळते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. परंतु विनाअनुदानित खाजगी शाळांना हे बंधन लागू नाही. म्हणजे दवाखान्यात जो शुल्क देत नाही त्याला ग्राहक आयोगाचे दार बंद, आणि शाळेत जो सर्वाधिक शुल्क देतो त्याला समितीचे. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदे वा बंगळूर येथे स्थायिक झालेल्या आणि खाजगी शाळांवर भिस्त ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांनी या विसंगतीचा जरूर विचार करावा.

मग मार्ग कोणता? न्यायालयांचे मोल मी कमी लेखत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. न्यायालय नसते तर त्या मुलांची बाजू कोणी ऐकली असती? तथापि निकाल एक अन्याय दूर करतो. उद्या सकाळी दवाखान्यात डॉक्टर हजर आहे की नाही, हे तो पाहू शकत नाही. ते गावानेच पाहावे लागते. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर महाराष्ट्रात भरलेल्या जनसुनवाया याचा चांगला नमुना आहेत. तेथे रुग्ण आणि अधिकारी समोरासमोर बसतात आणि औषध बाहेरून का आणावे लागले, याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट स्वागतार्ह आहे. पण जसजसा सार्वजनिक पैशाचा वाटा वाढेल, तसतसा जाब विचारण्याचा प्रश्न अधिकच तीव्र होईल; कारण तो पैसाही लोकांचाच आहे.

इतिहासाचा कौल मला असा दिसतो. तक्रार ऐकणारा कान घराजवळ हवा, आणि त्या कानावर गावातील बलवंतांचा हात पडू नये म्हणून दूरवरचा डोळाही हवा. रिपन यांनी पहिल्याचा आग्रह धरला, फुले यांनी दुसऱ्याचा. आपण दोहोंना आलटून पालटून वापरत आलो. एकत्र नांदवले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ मध्ये अशी जोडणी कागदावर तरी आहे : लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, निर्णय तीन महिन्यांत, आणि अपील राज्याच्या बालहक्क आयोगाकडे. अशीच मुदतबंद तरतूद सरकारी दवाखान्यांसाठीही झाली, तर 'अग्रेषित' या शेऱ्याचा प्रवास कोठे तरी संपेल. तोपर्यंत ज्या पालकांना कलम ३२ लागू आहे त्यांनी ते वापरून पाहावे, तक्रारीची पोच मागून घ्यावी आणि तीन महिने मोजावेत.