हुगळीचा हातगुण

नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या माणसाला ताप भरला, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या आधी त्याला आठवण होते ती घरच्या हाताची. कपाळावर ठेवलेला आईचा हात, पाठीवरून फिरणारा आजीचा खरबरीत तळवा, मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढताना मावशीने धारण केलेली ती गंभीर मुद्रा! यांतले काय शास्त्रीय आणि काय अशास्त्रीय, याचा निवाडा तापात कोणी करीत बसत नाही. हात लागला की बरे वाटते, एवढे खरे. आपल्या भाषेने तर या अनुभवाला एक नेटका शब्दच देऊन ठेवला आहे : हातगुण. दोन वैद्य एकच काढा देतात. एकाचा लागू पडतो, दुसऱ्याचा पडत नाही. आणि आपण सहज म्हणतो, पहिल्याच्या हाताला गुण आहे. परंतु हा गुण वैद्याच्या हातात असतो की रोग्याच्या मनात, हे आपण सहसा विचारीत नाही.

अलीकडच्या काळात हाच प्रश्न एका परदेशी नावाने आपल्या दारी आला आहे. मोठ्या शहरांतून 'रेकी'च्या पाट्या आता कोणास नवलाच्या वाटत नाहीत. ही पद्धत जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२ साली तिची मंडळी टोकिओत स्थापन केली. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे जपानी नौदलातील अधिकारी. आणि हायाशींकडे शिकलेल्या हवायो टाकाटा या हवाई बेटांतल्या जपानी वंशाच्या बाईंनी ती पॅसिफिकपलीकडे नेली. उपचारकाच्या तळहातांतून विश्वव्यापी प्राणशक्ती रोग्याच्या देहात उतरते आणि देह व मन दोन्ही निरामय करते, असे तिचे म्हणणे. हे म्हणणे आपल्याकडे अगदी नवे म्हणून ऐकले जाते, याची आम्हांस मौज वाटते. कारण जवळजवळ याच स्वरूपाचा दावा आपल्याच देशात, सरकारी समितीसमोर, रीतसर तपासला गेला होता. स्थळ कलकत्त्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे हुगळी, साल १८४५-४६. त्या प्रकरणाची हकिकत सांगावी, हा या लेखाचा हेतू आहे.

तिचा आरंभ मात्र पॅरिसपासून करावा लागतो. फ्रान्झ अँटोन मेस्मर हा व्हिएन्नात शिकलेला वैद्य १७७८ साली तेथे आला. सारे विश्व एका सूक्ष्म द्रवाने भरलेले आहे, तो देहात अडला म्हणजे रोग उद्भवतो, आणि जाणत्याच्या हातांनी तो पुन्हा वाहता करता येतो, असा त्याचा सिद्धांत होता. त्याच्याकडे श्रीमंतांची रीघ लागली. कित्येकांना आचके येत, कित्येक मूर्च्छित होत, आणि पुष्कळजण बरे झाल्याचे सांगत घरी जात. १७८४ साली सोळाव्या लुई राजाने चौकशीसाठी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्री लाव्हाझिए होते, ज्योतिर्विद बायी होते. मेस्मर स्वतः या चौकशीपासून दूर राहिला. त्याचा शिष्य देस्लाँ मात्र पुढे आला. फ्रँकलिन यांच्या पासी येथील बागेत देस्लाँने जर्दाळूचे एक झाड हातांनी भारले आणि एका १२ वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध पडला. भारलेले झाड तेथून सुमारे २४ फूट दूर होते! समितीने निर्णय दिला : द्रव नाही, जे घडते ते कल्पनेने घडते.

निर्णय निर्दोष होता. तथापि तो लिहिताना एक गोष्ट अर्धवट राहिली, असे आम्हांस वाटते. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा जमिनीवर कोसळत असेल, तर ती कल्पना हीच केवढी मोठी शक्ती म्हणावी! परंतु 'कल्पना' हा शेरा मारून फाइल बंद झाली. आमच्या वाचकांपैकी अनेकांची हयात फाइलींच्या सहवासात गेली असल्यामुळे त्यांना ठाऊकच आहे, की शेरा बरोबर असूनही विषय शिल्लक राहू शकतो.

ती फाइल साठ वर्षांनी हुगळीत उघडली. जेम्स एस्डेल हे स्कॉटलंडचे, एडिंबरोत शिकलेले डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत हुगळीचे सिव्हिल सर्जन होते. इमामबाडा रुग्णालय आणि तुरुंगाचे इस्पितळ ही दोन्ही त्यांच्याकडे. ४ एप्रिल १८४५ रोजी तुरुंगाच्या इस्पितळात माधव कौरा नावाच्या एका कैद्यावर त्यांनी अंडवृद्धीची शस्त्रक्रिया केली. हा कैदी रस्त्याच्या कामावर लावलेला, पायांत बेड्या असलेला. त्या काळी शस्त्रक्रियेत भूल देण्याची सोय जगात कोठेच रूढ नव्हती. रोग्याला धरून ठेवावे आणि सर्जनाने होईल तितकी घाई करावी, एवढाच उपाय. कैद्याच्या वेदना पाहून एस्डेल यांना मेस्मरच्या विद्येची आठवण झाली. त्यांनी तिच्याविषयी वाचले होते. प्रयोग मात्र कधी पाहिलाही नव्हता. हातांच्या हालचाली करीत ते कैद्याजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळाने कैदी अशा झोपेत गेला, की टाचण्या टोचल्या, विस्तव लावला, तरी तो हलेना. एस्डेल यांनी जिल्ह्याचे जज्ज आणि कलेक्टर यांना तातडीने बोलावून घेतले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हे करून दाखविले. नोंद साक्षीदारांसह व्हावी, ही दक्षता त्या गडबडीतही त्यांना सुचली.

पुढील ८ महिन्यांत त्यांनी या रीतीने ७३ वेदनारहित शस्त्रक्रिया केल्याचे आपल्या पुस्तकात नमूद केले. हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी घेऊन बंगालच्या खेड्यापाड्यांतून माणसे हुगळीकडे येऊ लागली. पद्धत अशी : अंधारी खोली, बिछान्यावर उताणा निजलेला रोगी, त्याच्या डोक्यामागे बसून त्याच्यावर ओणवा झालेला उपचारक. तो मुकाट्याने डोळ्यांवरून, मानेच्या दोहो बाजूंनी, पोटापर्यंत हात उतरवीत राही. मधूनमधून नाकाओठांवर हळूच फुंकर घाली. हे कधी तासभर चाले, कधी कित्येक तास, कधी ओळीने अनेक दिवस.

हे हात कोणाचे? ग्रंथांवर नाव एस्डेल यांचे आहे. पण इतके श्रम एकट्याला झेपेनात, म्हणून त्यांनी इस्पितळातील हिंदू आणि मुसलमान तरुण मदतनीस या कामी तयार केले, आणि पुढे प्रत्यक्ष हात फिरविण्याचे काम बव्हंशी तेच करीत. तासन्‌तास ओणवे बसून रोग्याला झोपविणारे हे तरुण इतिहासात 'मदतनीस' या एका शब्दात आटोपले आहेत. एस्डेल यांना बंगालच्या झाडफुकीशी या पद्धतीचे असलेले साम्य दिसले होते, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहिलेही. एका नामांकित मांत्रिकाला त्यांनी पाचारण केले. त्याने पितळी भांड्यात पाणी मागविले, पानांची डहाळी घेतली, रोग्याच्या अंगावरून ती उतरविली, फुंकर घातली. साहेबाने ओळखले, की हा आपलाच व्यवसायबंधू!

कलकत्त्यातील डॉक्टरमंडळींत अर्थातच वादळ उठले. रोगी साहेबाला खूश करण्यासाठी सोंग करतात, असा आक्षेप आला. कैदी आणि गरीब खेडूत यांनी सत्ताधीश डॉक्टरास नकार तरी कसा द्यावा, हा प्रश्न मात्र आज आपणांस अधिक बोचतो. अखेर १८४६ साली बंगालचे डेप्युटी गव्हर्नर सर हर्बर्ट मॅडॉक यांनी समिती नेमली. निवडलेल्या १० रोग्यांपैकी ७ जणांना गाढ झोप लागली. शस्त्रक्रिया झाल्या; जागे झाल्यावर रोग्यांनी वेदना आठवत नसल्याचे सांगितले. पण समितीने हेही लिहून ठेवले, की काहींचे हात झटके देत होते, अंग पिळवटत होते आणि चेहऱ्यावर दाबलेल्या यातनेची छाया उमटत होती. परिणाम नाकारला नाही. पण तो सर्वांवर होत नाही, त्याला वेळ फार लागतो आणि तो बेभरवशाचा आहे, ही उणीवही झाकली नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या सरकारी कागदाला आम्ही मनोमन नमस्कार करतो. सत्तेच्या किंवा लोकमताच्या दडपणाखाली दोन्ही बाजू लिहिणे किती कठीण असते, ते अहवाल लिहिणाऱ्यांस सांगावयास नको.

सरकारने कलकत्त्यात एक छोटे मेस्मेरिक इस्पितळ वर्षभर प्रयोगादाखल चालू दिले. पण काळाची थट्टा पाहा. समितीचा अहवाल ऑक्टोबर १८४६ मधला; आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस अमेरिकेत, बॉस्टनच्या इस्पितळात, मॉर्टन यांनी ईथर हुंगवून शस्त्रक्रिया वेदनारहित होते, हे जाहीरपणे दाखविले. पुढच्याच वर्षी एडिंबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. जे साधावयास हुगळीत तास, प्रसंगी दिवस लागत, ते आता मिनिटांत साधू लागले. आणि ते कैद्यावर, कलेक्टरावर, श्रद्धाळूवर, संशयखोरावर सारखेच. १८४८ साली सरकारने हात आखडता घेतला. कलकत्त्याच्या नागरिकांनी वर्गणी काढून इस्पितळ पुन्हा चालविले. पण १८५१ साली एस्डेल मायदेशी परतले आणि १८५९ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, निवर्तले.

अखेरपर्यंत ते आपल्या हातांतून एक प्राणद्रव वाहतो, असेच मानीत राहिले. दरम्यान मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी १८४३ सालीच दाखवून दिले होते, की रोग्याने आपली नजर एखाद्या वस्तूवर खिळविली तरी तीच अवस्था येते. हातांची गरज नाही, द्रवाची तर नाहीच. आज रूढ असलेले 'हिप्नॉटिझम' हे नाव, ज्याला आपण संमोहन म्हणतो, ब्रेड यांच्याच त्या ग्रंथाने रुळविले. एस्डेल यांची निरीक्षणे प्रामाणिक होती, कारणमीमांसा चुकली. पॅरिसच्या समितीची कारणमीमांसा अचूक होती. परिणामाची किंमत करण्यात ती कमी पडली. दोघांनी मिळून जे सत्य पुरे केले असते, ते जुळावयास आणखी शतकाहून अधिक काळ जावा लागला.

१९७८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. औषध म्हणून दिलेल्या नुसत्या पाण्यानेही काहींचे दुखणे हटले. आणि अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध गुपचूप देताच ते परत वाढले. याचा अर्थ असा, की विश्वासाने मेंदू स्वतःचीच वेदनाशामक द्रव्ये मोकळी करतो. 'कल्पना' म्हणून झटकून टाकलेली वस्तू देहातच रासायनिक रूपाने सापडली. उलट बाजूस, १९९८ साली अमेरिकेच्या एका प्रमुख वैद्यक नियतकालिकात एमिली रोझा या मुलीचा शालेय प्रयोग छापून आला. रेकीच्या जवळच्या एका पद्धतीचे २१ उपचारक पडद्याआड हात ठेवून बसले. आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरला आहे, एवढेच तिने विचारले. २८० वेळांपैकी १२३ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे शेकडा ४४. नाणे उडविले असते तरी याहून वाईट होते ना! पासीच्या बागेतील जर्दाळूच्या झाडाने दिलेले उत्तर दोन शतकांनी एका मुलीने पुन्हा मिळविले.

मग रेकीकडे जाणाऱ्यास काय सांगावे? स्वस्थ खोली, घाई नसलेले माणूस, अंगावर ठेवलेला ऊबदार हात यांनी मनाचा ताण सैलावतो, श्वास संथ होतो, दुखणे थोडे सुसह्य होते, एकटेपणा हटतो. याला कोणी आध्यात्मिक शांती म्हटले तर आमची हरकत नाही. पण त्या हाताने गाठ विरघळत नाही, जंतू मरत नाहीत, साखर उतरत नाही. हे नीट न सांगितल्यामुळे ज्यांचे ऑपरेशन लांबते, ज्यांची गोळी बंद होते, त्यांचे नुकसान कोणत्याच शक्तीने भरून येत नाही. हुगळीच्या रोग्यांच्या गाठीदेखील अखेर सुरीनेच काढाव्या लागल्या होत्या. हाताने फक्त ती सुरी सोसवली. एस्डेल यांना हा भेद पुरता ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यांनी सुरी कधी खाली ठेवली नाही.

चुंचुड्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावात इमामबाडा हा शब्द अजून टिकून आहे. कलकत्त्याकडे बदली झालेल्या वाचकांपैकी कोणी एखाद्या रविवारी लोकलने तिकडे गेले, तर हुगळीच्या काठचा तो इमामबाडा त्यांनी अवश्य पाहावा. परत येताना घरात कोणी आजारी असेल, तर डॉक्टरची चिठ्ठी आणि औषध घेऊन यावे, आणि मग थोडा वेळ त्याच्या कपाळावर हात ठेवून बसावे. बेड्या घातलेल्या एका कैद्याच्या उशाशी एके काळी एक डॉक्टर असाच बसून राहिला होता.